मासिक बंद झालं, आता अंकांचं काय करायचं?

आधी कबुली देऊन टाकतो. मी पंचवीस वर्षं स्कायडायव्हिंगचं मासिक वाचलं आणि आयुष्यात एकदाही विमानातून उडी मारली नाही. वायुसेनेत वीस वर्षं माझं काम पॅराशूटच्या घड्या घालायचं. लढाऊ वैमानिकाच्या पाठीशी असतं ते पॅराशूट. ते उघडायची वेळच येऊ नये, ही आमच्या सेक्शनची रोजची प्रार्थना. 1999 ला नागपुरात निवृत्त झालो आणि त्याच वर्षी न्यू जर्सीच्या मावसभावाने भेट म्हणून या मासिकाची वर्गणी भरली. पहिला अंक उघडला तर माणसं स्वतःचे पैसे भरून तेरा हजार फुटांवरून उड्या मारून राहिलेली, आणि वर हसून राहिलेली! बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, "येडे झाले का बाप्पा हे लोक?" तेव्हापासून मी त्या मासिकाचा झालो.

नाव सांगून उपयोग नाही. अख्ख्या नागपुरात ते पाहिलेली माणसं पाच, आणि पाचही माझाच अंक वाचायची.

गेल्या वर्षी ते बंद पडलं. बातमी भाच्याच्या मोबाइलवर आली आणि शेवटचा अंक त्यानंतर सात आठवड्यांनी टपालाने. तेरवी आटोपल्यावर तार यावी तसा. मग प्रश्न उरला दोनशे सत्त्याऐंशी अंकांचा. मी काय केलं, त्यात कुठे चुकलो, ते लिहून ठेवतो. तुमचं मासिक कवितेचं असो की शेतीचं, कागद सारखाच असतो.

पहिल्या दिवशी अंकांना हात लावू नका, वर्गणीचा हिशेब बघा. किती अंक यायचे बाकी होते, पैसे परत मिळणार का, की त्याबदल्यात दुसरंच मासिक तुमच्या गळ्यात मारणार, हे वर्गणी क्रमांक टाकून लगेच विचारा. कार्डावरून वर्गणी आपोआप कापली जात असेल तर बँकेत ती सूचना स्वतः रद्द करा. त्यांचं ऑफिस आवरत असतं, तुमच्या कार्डाची आठवण कोण ठेवणार? आमचे सात अंक बाकी होते. मावसभावाने पैसे मागितले नाहीत. "राहू दे, तेवढाच त्यांना चहा," म्हणाला. ही त्याची मर्जी. तुम्ही मागितलेत तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग संपादकांना पत्र. हे काम दोन दिवसांच्या आत करा, माझ्यासारखं दोन महिन्यांनी नको. मी छान जाड कागदावर लिहून जीपीओतून टपालाने पाठवलं. चार महिन्यांनी ते पाकीट परत घरी आलं, वर शिक्का: पत्त्यावर कोणी नाही. टपालाचा मान मलाही आहे. माझे वडील टपाल खात्यात सॉर्टर होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून रात्री निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेच्या आत माघारी फिरायची. 1949 मध्ये सुरू झालेली ती रात्रीची हवाई टपाल सेवा मी शाळेत असेपर्यंत चालू होती. वडील एकदा मला सोनेगावच्या विमानतळावर घेऊन गेले होते. विमान आणि कागद एकत्र पाहायची सवय मला तिथूनच लागली. तरीही सांगतो, बंद पडणाऱ्या ऑफिसला आधी ईमेल करा. कागदी पत्र हौस म्हणून नंतर पाठवा.

पत्रात काय लिहायचं? "आपलं मासिक अप्रतिम होतं, आपली उणीव भासेल" हे लिहू नका. असली पत्रं त्यांच्याकडे पोत्याने आलेली असतात. कुठल्या अंकातल्या कुठल्या मजकुराने तुमच्या हातून काय वेगळं घडलं, तेवढंच लिहा. नाव, वय, गाव, आणि एक गोष्ट.

माझी गोष्ट अपघातांच्या पानांची. दर अंकात मागच्या बाजूला अपघातांचे अहवाल असायचे. नाव नाही, फोटो नाही. वय, आजवरच्या उड्या, काय झालं, कशामुळे झालं असावं, आणि पुढच्याने काय करावं. मी अंक तिथूनच उघडायचो. घडी घालणाऱ्या पॅकरच्या डोक्यात एकच भीती असते, की नाही उघडलं तर? त्या पानांनी मला शिकवलं की कित्येक अपघातांत पॅराशूट बरोबर उघडलेलं होतं. माणूस जमिनीजवळ आल्यावर एक जोरदार वळण घ्यायला गेला आणि तिथेच संपला. कापड शाबूत, दोऱ्या शाबूत, घडीत चूक नाही. मी दरवर्षी एनसीसीच्या एका शिबिरात पोरांना पॅराशूट समजावून सांगतो. पूर्वी माझं व्याख्यान "आणि मग पॅराशूट उघडतं" इथे संपायचं. त्या पानांमुळे आता ते तिथे सुरू होतं. पत्रात हे लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग भाचीने इंग्रजी केलं. तिला सांगितलं होतं, "शोभा आणू नको, जे आहे ते लिही."

पत्राच्या खाली एक ओळ अवश्य घाला: तुमच्याकडे नसलेल्या अंकांची यादी. टपालात माझे तेरा अंक हरवले होते. पाकीट परत आलं, पण भाच्याने तोच मजकूर ईमेलने पाठवला होता, आणि तिकडे मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी उत्तर दिलं. त्यांच्या घरी तेरापैकी चार अंक होते. ते आले. संपादकांकडून आभाराचं पत्र येण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ही यादी करायची तर अंक मोजावे लागतात, आणि मोजण्याला ऋतू असतो. पावसाळ्यात पेटी उघडूच नका. मे महिन्यातही नको, घाम टपकतो पानांवर. नागपुरात फेब्रुवारी उत्तम: हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं. मोठ्या टेबलावर जुनी चादर अंथरा, वर्षावार बारा-बाराचे गठ्ठे लावा आणि वहीत महिना, वर्ष, अंकाची हालत लिहा. पॅकिंगच्या टेबलावर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट अशी: टेबलावर किती वजनं, किती क्लॅम्प, किती हत्यारं ठेवली ते आधी मोजायचं आणि काम संपल्यावर परत मोजायचं. एक कमी भरलं तर घातलेली घडी पुन्हा उघडायची, कारण ते आत राहिलेलं असू शकतं.

ही सवय पुढच्या कामात उपयोगी पडते. मधोमध दोन पिना मारलेल्या अंकांच्या पिना गंजतात आणि गंज कागद खातो. मी सगळ्या काढल्या. नखाने ओढायच्या नाहीत. आतल्या बाजूने बोथट सुरीने पाय उभे करायचे, मग बाहेरून उचलायच्या. त्याच भोकांतून मेणवलेला सुती दोरा दाभणाने ओवायचा आणि गाठ आतल्या बाजूला बसवायची. दोनशे सत्त्याऐंशी अंक, पाचशे चौऱ्याहत्तर पिना. डब्यात मोजल्या तर पाचशे त्र्याहत्तर. शेवटची पिन दुसऱ्या दिवशी बायकोच्या पायात सापडली. पुढचं संभाषण मी लिहीत नाही.

फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. पाच-सात वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि जाताना छपाई घेऊन जाते. डिंकही नको. हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. एप्रिल 2004 मध्ये आपल्या पुण्याची शीतल महाजन उत्तर ध्रुवावर उतरली, तीही आयुष्यातल्या पहिल्याच उडीत. मी मराठी पेपरातलं कात्रण त्या महिन्याच्या अंकात पहिल्याच पानावर डिंकाने चिकटवलं. डिसेंबर 2006 मध्ये तिने अंटार्क्टिकावर उडी मारली, तेव्हाही तेच केलं. आज दोन्ही पानं तपकिरी झाली आहेत आणि कात्रण काढू म्हटलं तर पानासकट निघतं. 2018 ला ती थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडाली, तोवर मला अक्कल आली होती. ते कात्रण बटर पेपरच्या पाकिटात सुटं ठेवलं आहे. बायकोला तेवढं एकच कात्रण आवडतं. "नऊवारीचा काष्टा सुटला नाही हे तुमच्या पॅराशूटपेक्षा मोठं," असं तिचं मत.

आता पाणी. रंगीत मासिकाचा गुळगुळीत कागद भिजून तसाच वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते, मग ती कुणाच्या बापाला उघडत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा आमच्यातल्या एका वाचकाकडे माझे दोन गठ्ठे होते. एक त्याने उन्हात ठेवला. त्याची वीट झाली. दुसरा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओळखीच्या आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये नेऊन ठेवला. गोठवलं की कागद तसाच थांबतो, चिकटत नाही, बुरशी येत नाही आणि आपल्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मग रोज एकेक अंक काढायचा, अर्धवट ओला असतानाच पानं वेगळी करायची, मध्ये बटर पेपर घालून पंख्याखाली ठेवायचा. बारापैकी अकरा वाचले. आइसक्रीमवाला अजून विचारतो, "काका, पुस्तकाचा फ्लेवर कधी आणून राहिले?"

नागपूरकरांना वेगळी ताकीद: कूलरच्या खोलीत कागद ठेवू नका. एप्रिल ते जून आपण खसच्या ओल्या हवेत झोपतो, आणि ती ओल पुस्तकंही पितात. रबरबँड तर मुळीच नको. आपल्या उन्हाळ्यात ते वितळून मुखपृष्ठाला चिकटतं. सुती नाडीने सैल बांधा. पेटी भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर ठेवू नका. वाळवी फर्शीच्या सांध्यातून येते, तिला आमंत्रण लागत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर पूर्ण वाळवून कापडाच्या पुरचुंडीत घाला, नाहीतर त्याचाच डाग पडतो.

सगळे अंक ठेवायचे का? नाही. इथे माझं मत बऱ्याच लोकांना पटणार नाही. माझं म्हणणं असं, की सुंदर फोटोंचे अंक द्या आणि जाहिराती, वाचकांची पत्रं, अपघातांची पानं असलेले ठेवा. निळ्या आभाळात हात धरून गोल केलेल्या माणसांचे फोटो कुठेही मिळतात. 2003 साली अमुक कापडाचं पॅराशूट किती डॉलरला होतं आणि विकणाऱ्याने काय काय शपथा घेतल्या होत्या, हे कुठेच मिळत नाही. विक्रमांचंही तसंच. फेलिक्स बॉमगार्टनरने 14 ऑक्टोबर 2012 ला जवळपास 39 किलोमीटरवरून उडी मारली, हे पानवालाही सांगतो. दोन वर्षांनी, 24 ऑक्टोबर 2014 ला ॲलन युस्टेस 41 किलोमीटरच्याही वरून आला. वय सत्तावन्न, धंद्याने संगणकवाला, गाजावाजा काहीच नाही. त्याचं नाव मला मासिकामुळे माहीत.

आणि जुलै 2025 मध्ये तो बॉमगार्टनर इटलीत पॅराग्लायडिंग करताना गेल्याची बातमी आली. मी सवयीने मनात म्हटलं, दोन-तीन महिन्यांनी मागच्या पानावर येईल, नेमकं काय झालं ते. मग आठवलं. बातमी सगळ्यांनी दिली, कारण समजावून सांगणारं पान आता नाही. मासिक बंद झाल्याचं मला त्या दिवशी खरं कळलं, शेवटच्या अंकाच्या दिवशी नव्हे.

बाकीचे अंक द्यायचे तर कुणाला? गठ्ठे घेऊन थेट कुणाच्या दारात जाऊ नका. मी पूर्वी चाळीस अंक एका संस्थेला दिले होते. त्यांनी हार घातला, फोटो काढला. सहा महिन्यांनी त्यातले नऊ मला बर्डीवर रद्दीत दिसले, माझ्या पत्त्याच्या चिठ्ठीसकट. दहा रुपयाला एक या भावाने परत आणले. तेव्हापासून आधी एका पानाची यादी घेऊन जातो: कुठली वर्षं सलग आहेत, कुठली तुटक, भाषा कुठली, विषय कुठला. ग्रंथपाल तोंडावर "नको" म्हणाले तर ते प्रामाणिक समजा. माझे अंक शेवटी तीन ठिकाणी गेले. एनसीसीच्या एका सरांकडे. इतवारीत बॅगा शिवणाऱ्या एका टेलरकडे, त्याला फक्त पट्ट्यांवरच्या शिलाईचे जवळून काढलेले फोटो हवे होते. आणि शेजारच्या पोरीकडे. वायुसेना नगरातल्या एअर फेस्टला वायुसेनेच्या आकाशगंगा या पॅराशूट पथकाच्या जवानांना उतरताना पाहिल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही.

देताना प्रत्येक अंकावर पेन्सिलीने लिहिलं: "जुना अंक. साहित्याची माहिती यावरून वापरू नये." हे कुठल्याही तांत्रिक मासिकाला लागू आहे. उदाहरण देतो. अमेरिकेत राखीव पॅराशूट दर 120 दिवसांनी पुन्हा उघडून, तपासून, घडी घालायचा नियम होता. 2008 च्या शेवटी तो 180 दिवसांचा झाला. माझ्या 2005 च्या अंकात अर्थातच 120 छापलंय. यात जीव जाणार नाही, पण कुठल्यातरी बकलची कंपनीने नंतर परत मागवलेली जुनी आवृत्ती वाचून कुणी विकत घेतली तर जाईल. औषधांचं मासिक असेल, विजेच्या कामाचं असेल, तुम्हीही असंच लिहा.

जे कुणालाच नको ते रद्दीत द्या, मन घट्ट करून. पत्त्याची चिठ्ठी आधी काढा. रद्दीवाला गुळगुळीत कागदाला वर्तमानपत्रापेक्षा कमी भाव देतो, त्यावर घासाघीस करू नका, त्या दिवशी तरी.

निरोपाचा कार्यक्रम करायचाच असेल तर छोटा करा. आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी गिट्टीखदानला माझ्या गच्चीवर जमलो, पाचच्या पाच. नियम दोन: भाषण नाही, आणि प्रत्येकाने एकच पान मोठ्याने वाचायचं. टेलरला इंग्रजी येत नाही. त्याने एका पट्ट्याचा फोटो धरून टाके कसे घातलेत ते बोटाने दाखवलं, तेच त्याचं वाचन. मी अपघाताचं एक पान वाचलं. पोरीने शेवटचं संपादकीय वाचलं. ते संपतं दोन शब्दांवर, ब्लू स्काईज. उड्या मारणारे लोक भेटताना, निघताना, आणि त्यांच्यातलं कुणी गेलं की त्यालाही हेच म्हणतात. एनसीसीवाले सर म्हणाले, "आपल्याकडे आभाळ निळं राहिलं म्हणजे पाऊस लांबला न बा. शुभेच्छा कशाची ही?" सगळे हसले. तर्री पोहे अंक उचलून आत ठेवल्यावरच आणा. तर्रीचा डाग जात नाही, मी तपासलंय.

सगळे गेल्यावर बायको म्हणाली, "झालं ना आता? का अंबाळ्याला नेऊन शिरवता?" रामटेकच्या अंबाळ्यात आमच्याकडे अस्थी शिरवतात. मी म्हटलं, चौऱ्याण्णव अंक राहतील, एका पेटीत मावतात.

पेटीच्या झाकणाला आतून एक कार्ड लावा. पॅराशूटला असतं तसं. माझ्यावर असं लिहिलंय: एकूण अंक 94. पिना काढल्या, दोरा घातला. ओल नाही, वाळवी नाही. घडी घालणाऱ्याची सही, तारीख. त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख, बरोबर 180 दिवसांनी. कॅलेंडर काढून ती पावसाळ्यात पडत नाही ना ते बघून घ्या. माझी पडत होती, म्हणून मे महिन्याचा घाम पत्करून पहिली तपासणी मृग लागायच्या आठ दिवस आधी ओढून घेतली.